यावं, दिसावं आणि जावं

कोल्हापूरच्या माणसाला पांढऱ्या पातळ पदार्थाचं भय नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटी समोर आली की तो ती तोंडाला लावतो आणि खाली ठेवता ठेवता दुसरीची वर्दी देतो. कट्ट्यावर म्हैस पुढ्यात उभी करून पिळलेलं धारोष्ण दूध तो उभ्या उभ्या पितो आणि मिशीवरचा फेस पुसत नाही. दूध प्यायल्याची तेवढीच पावती असते. पैलवानाच्या थंडाईबद्दल तर आपल्यासारख्यांनी बोलूच नये. पण आमच्या कसबा बावड्यातल्या अशाच एखाद्या शूर गड्याला एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसवा आणि त्याच्या हातात बेरियमचा पेला द्या. लाल मातीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला हा माणूस त्या पेल्याकडे असा बघतो, की आता आस्मान बघायची पाळी आपली आहे!

दिसायला तो पेला पांढरा रस्साच. पण त्यात मटण नाही, खसखस नाही, खोबरं नाही. चवीचं म्हणाल, तर लहानपणी फळ्याचा खडू ज्यांनी चाखला असेल त्यांना ती ओळखीची वाटेल. हल्ली दुर्बीण आणि सीटी स्कॅन आल्यापासून बेरियमचा मान थोडा उतरलाय. बऱ्याचदा पेल्याऐवजी हाताच्या शिरेत सुई येते. पण पेला काय आणि सुई काय, दोन्हींचं काम एकच : पोटातलं न दिसणारं दिसतं करायचं. डॉक्टर मंडळी या द्रव्यांना ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. आपण त्याला विरोध म्हणू. गोऱ्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली की गोरेपण उठून दिसतं ना? तसंच हे. फक्त तीट आतून लावायची.

ही तीट शोधायची वेळ आली ती एक्स-रेच्या एका खोडीमुळे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्त्सबर्ग गावी राँटगेनसाहेबांना हे किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. फोटोत हाडं आली, बोटातली अंगठी आली. पण हाताचं मांस म्हणजे नुसती पुसट सावली आणि रक्तवाहिन्यांचा पत्ताच नाही. बायकोच्या हातातली अंगठीच तेवढी ठळक दिसावी, याचं संसारी माणसाला नवल वाटणार नाही. पण शास्त्रज्ञांना वाटलं.

कारण साधं होतं. जड अणू हे किरण अडवतात, हलके सोडून देतात. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. बाकीचं शरीर म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन असली हलकी प्रजा. आमच्या बावड्याला पुराच्या दिवसांत पंचगंगा पात्र सोडून शिवारात शिरते, तेव्हा नदी कुठली आणि ऊस कुठला हे देवालाही सांगता येत नाही. ओळीने उभे असलेले विजेचे खांब दिसले म्हणजे ‘इथून रस्ता गेला होता’ एवढं कळतं. एक्स-रेला आपलं शरीर असंच दिसतं. हाडं म्हणजे ते खांब. बाकी सगळं पाणीच पाणी.

तेव्हा या पाण्यात जड काहीतरी सोडायला हवं, हे लोकांच्या फार लवकर ध्यानात आलं. राँटगेनचा शोध जगजाहीर होऊन महिना उलटायच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नातल्या हाशेक आणि लिंडेन्थाल या दोघांनी एका कापून टाकलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू, हिंगूळ आणि पेट्रोलियमचं मिश्रण भरलं आणि ५७ मिनिटं एक्स-रे चालू ठेवून फोटो काढला. सगळ्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. हात मेलेला होता म्हणून ठीक. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं गंधकाशी लागलेलं लग्न. जिवंत माणसात ते कोण भरणार?

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने जिवंत गिऱ्हाईक शोधलं. एक हंस. त्याने मान हलवू नये म्हणून त्याला पुठ्ठ्याची उंच कॉलर घातली आणि बिस्मथची कॅप्सूल गिळायला लावली. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. लांबलचक मानेतून ती काळी गोळी खाली सरकताना लख्ख दिसली. दूध आणि पाणी वेगळं करणारा म्हणून आपल्याकडे हंसाची ख्याती. इथे त्याने घास आणि गळा वेगळा करून दाखवला.

पुढे कॅननने मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न घातलं आणि त्यांची जठरं बघत बसला. तेव्हा त्याला आढळलं की मांजर चिडलं, घाबरलं, की जठराची हालचाल एकदम थांबते. पुढची बरीच वर्षं त्याने राग, भीती आणि शरीर यांचं नातं उलगडण्यात घालवली. ‘पानावर बसल्यावर भांडू नये’ हे आपल्या आज्यांनी मांजराला काहीही न पाजता सांगून ठेवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मग १९०४ साली म्युनिचच्या रीडर नावाच्या डॉक्टराने बिस्मथ लापशीत कालवून माणसांना खाऊ घातलं आणि पोटाच्या एक्स-रेचं शास्त्र मार्गी लागलं. लागलं खरं, पण बिस्मथच्या त्या क्षाराने काही रोगी दगावले. आतड्यातले जंतू त्यातल्या नायट्रेटचं विषारी नायट्राइट करत. तेव्हा १९१० साली बाखेम आणि ग्युंटर या दोघा जर्मनांनी बेरियम सल्फेट पुढे केलं.

बेरियमचं घराणं म्हणाल तर नामचीन. बेरियम कार्बोनेट हा त्याचा सख्खा भाऊ उंदीर मारायच्या औषधात असे. पाण्यात किंवा जठरातल्या आम्लात विरघळणारा बेरियमचा कुठलाही क्षार पोटात जाणं म्हणजे वैकुंठाचं तिकीट. पण सल्फेट हा त्या घराण्यातला संत निघाला. तो विरघळतच नाही. तोंडातून आत जातो, अन्ननलिका बघतो, जठर बघतो, आतड्याची सगळी वळणं हिंडतो. कुणाशी बोलत नाही, काही घेत नाही, काही देत नाही आणि आला तसा बाहेर पडतो. बाहेर पडल्याची पांढरी पावती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतेच. ‘वरून पाणी भरपूर प्या’ असं मात्र डॉक्टर बजावतात. नाहीतर संत आतच समाधी घेतात.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न मी ऐकला तो कुठल्या प्राध्यापकाकडून नव्हे, तर आमच्या आत्याकडून. ऐंशीच्या घरातली बाई. पोटाचं सीटी स्कॅन करायचं ठरलं. मी आपला संमतीपत्र वाचण्यात गुंतलेला : दमा आहे का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, मधुमेहाच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. तंत्रज्ञ पोरगेला होता. तो सुई घेऊन आला आणि म्हणाला, “आज्जी, आता एक औषध शिरेत सोडतोय. अंगात जरा गरम गरम वाटंल. घाबरू नका.”

आत्याने हात मागे घेतला. म्हणाली, “आरं लेकरा, सोडतोयास त्ये सोड. पर त्ये भाईर कवा येनार, त्येवढं सांग.”

“चोवीस तासांत जातंय की लघवीवाटे. पाणी तेवढं पीत राहा.”

“मग बरं,” आत्या म्हणाली आणि हात पुढे केला. “पावना कितीबी चांगला असला, तरी जायचा वार ठरल्याला असावा.”

आत्याने एका वाक्यात विचारलेला हा प्रश्न नीट विचारायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला आणि त्याची किंमत दुसऱ्यांनीच मोजली.

ते कसं, यासाठी बेरियम सोडून आयोडीनकडे वळावं लागेल. बेरियम पोटापुरता ठीक. पण शिरेत काही बेरियमचा गाळ सोडता येत नाही. तिथे रक्तात मिसळणारा पाहुणा हवा. १९२१ च्या सुमारास पॅरिसच्या सिकार आणि फॉरेस्तिये यांनी लिपिओडॉल हाताळलं. हे म्हणजे आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेल. म्हणजे पांढऱ्या रश्श्याचा आणि या शास्त्राचा खसखशीपुरता का होईना, संबंध लागला म्हणायचा! ते पाठीच्या कण्यात सोडून मज्जारज्जूवरची गाठ दाखवता येई. पण तेल ते तेल. तिथेच वर्षानुवर्षं राही.

मग १९२३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक गंमत झाली. उपदंशाच्या रोग्यांना तेव्हा सोडियम आयोडाइड देत. एक्स-रे काढताना डॉक्टरांना दिसलं की या लोकांचं मूत्राशय आपोआप ठळक येतंय. आयोडीनचा अणुक्रमांक ५३; किरण अडवायला पुरेसा जड. रोग एक, औषध दुसऱ्याच कामाला! फक्त मूत्रपिंडाचं चांगलं चित्र यायला जेवढं आयोडाइड लागे, तेवढं माणसाला सोसवत नसे.

यावर तोड निघाली ती गोठ्यातून. हे वाचून दूधवाल्या कोल्हापूरकराची छाती फुगावी. बर्लिनच्या शेतकी कॉलेजातले बिन्झ आणि रेट हे रसायनशास्त्रज्ञ आयोडीन जोडलेली नवनवी औषधं बनवत होते. त्यातलं एक गायींच्या कासेच्या आजारावर वापरलं जाई. मोझेस स्विक नावाचा तरुण अमेरिकन डॉक्टर शिष्यवृत्तीवर जर्मनीत आला होता. ही औषधं मूत्रपिंडातून बाहेर पडतात, हे त्याने हेरलं आणि बिन्झकडून त्यात बदल करून घेत घेत १९२९ साली ‘युरोसिलेक्टान’ हाती आलं. हाताच्या शिरेत सोडायचं. काही मिनिटांत मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्या चित्रात हजर. श्रेय मात्र बर्लिनचे बडे प्राध्यापक लिक्टेनबर्ग यांच्या वाट्याला गेलं. विहीर खणायची एकाने आणि पाणपोईवर पाटी दुसऱ्याची, हा रिवाज तिकडेही आहे. स्विकला त्याचा मान मिळाला तो १९६०च्या दशकात. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते, बेरियम न पिताच.

आता गोव्याला जाऊ. कोल्हापूरहून गोव्याला सहलीला जाणाऱ्याने पणजीत मांडवीकाठी एक पुतळा हमखास पाहिलेला असतो : झगा घातलेला एक पाद्री समोर कोसळणाऱ्या बाईवर हात पसरून उभा आहे. ते अबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले, संमोहनविद्येतलं मोठं नाव. या फारियांवर १९२५ साली पोर्तुगीजमध्ये एक पुस्तक आलं. लेखक होते लिस्बनचे मेंदूविकारतज्ज्ञ, माजी परराष्ट्रमंत्री आणि हौशी इतिहासकार एगास मोनिझ. आमच्या शेजारच्या गोव्याचा माणूस ज्यांनी एवढ्या आस्थेने अभ्यासला, त्यांनीच पुढे मेंदूतल्या रक्तवाहिन्या जगाला दाखवल्या.

मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड सोडून पाहिलं. त्यात एक रोगी दगावला. मग २५ टक्के सोडियम आयोडाइड घेतलं आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र मिळालं. गाठ असेल तर धमन्या बाजूला सरकलेल्या दिसत. फार मोठं काम. त्यांना नोबेल मात्र १९४९ साली भलत्याच गोष्टीसाठी मिळालं : मनोरुग्णांच्या मेंदूचे धागे कापण्याची शस्त्रक्रिया. आज ती शस्त्रक्रिया बदनाम आहे आणि धमन्यांचं चित्र घरोघरी माहीत आहे. आमच्या बावड्यात दोन माणसं कट्ट्यावर बसली, की तिसऱ्याच्या ॲन्जिओग्राफीची चर्चा निघतेच.

पण सोडियम आयोडाइड शिरताना रोग्याला सोसत नसे. तेव्हा १९३१ साली मोनिझ यांनी एक नवं द्रव्य हाती घेतलं : थोरोट्रास्ट. जर्मनीत बनलेलं. सोडताना वेदना नाही, उलटी नाही, अंगावर पुरळ नाही आणि चित्र असं रेखीव, की डॉक्टर खूश, रोगी खूश. जगभर लाखो लोकांच्या शरीरात ते सोडलं गेलं. असा गुणी पाहुणा पूर्वी कुणी पाहिला नव्हता.

या गुणी पाहुण्याचं मूळ नाव थोरियम ऑक्साइड. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालत, आठवतंय? त्या बत्तीच्या मॅन्टलमध्ये हेच असे. म्हणून तर ते जाळीचं फुलपाखरू एवढं लखलखायचं. थोरियमचा अणुक्रमांक ९०, चित्र ठळक येणारच. पण थोरियम किरणोत्सर्गी आहे. वरातीत ते डोक्यावर होतं; इथे यकृतात, प्लीहेत आणि हाडांच्या मगजात जाऊन बसलं. आणि उठेचना. शरीराला ते बाहेर काढायची वाटच माहीत नव्हती. थोरियमचं अर्धायुष्य आहे १४०० कोटी वर्षं. या विश्वाचं आजवरचं वय सुमारे १३८० कोटी. म्हणजे ब्रह्मदेवाने पहिल्या दिवशी थोरियम बाजूला ठेवलं असतं, तर अजून ते निम्मंसुद्धा संपलं नसतं. असल्या पाहुण्याला जायचा वार कोण विचारणार?

धोक्याचे इशारे १९३०च्या दशकातच दिले गेले होते. पण समोरचं चित्र सुंदर होतं आणि रोगी हसत घरी जात होता. १९४७ साली थोरोट्रास्ट घेतलेल्या रोग्याच्या यकृतातल्या कर्करोगाची नोंद छापून आली. तरी वापर पूर्ण थांबायला १९५०चं दशक उजाडलं. आणि ज्यांच्या अंगात ते होतं, त्यांच्यापैकी कित्येकांना वीस-तीस वर्षांनी, तो एक्स-रे विसरून गेल्यावर, यकृताचा कर्करोग झाला. डोकं दुखतं म्हणून तपासायला गेलेली माणसं ती. एखादीची मुलं तोवर शिकून नोकरीला लागली असतील, सून घरात आली असेल. आणि आत पाहुणा बसलेलाच. इथे मला विनोद सुचत नाही.

त्यानंतर मात्र लोक शहाणे झाले. ‘दिसतं किती’ याच्या बरोबरीने ‘जातं कसं’ हेही विचारू लागले. १९५०च्या दशकात एका कड्यावर आयोडीनचे तीन अणू बसवलेली द्रव्यं आली. जात लवकर, पण शिरताना अंगाची आग करत. ही औषधं क्षाराच्या रूपात असत आणि रक्तात गेली की त्यांचे दोन तुकडे होत. त्यातला एकच आयोडीनवाला, दुसरा नुसता सोबतीला. जावयाला बोलवावं आणि बरोबर बिनकामाचा मेहुणाही उतरावा, तसं. रक्तातली गर्दी वाढे आणि रक्तवाहिन्यांचा जीव कासावीस होई.

हे कोडं सोडवलं स्वीडनच्या टोर्स्टेन आल्मेन यांनी, पोहता पोहता. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहलं तर काही होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या जास्त खाऱ्या समुद्रात मात्र डोळे झोंबतात. औषधाचंही तसंच असेल का? मेहुण्याला घरीच ठेवलं तर? म्हणजे ज्याचे तुकडेच होत नाहीत असं द्रव्य बनवलं तर? १९६९ साली त्यांनी ही कल्पना छापली आणि नॉर्वेच्या एका कंपनीने ती प्रत्यक्षात आणली. आज सीटी स्कॅनसाठी शिरेत जातं ते बहुतेक या कुळीचंच. आग गेली, नुसती ऊब राहिली. डोळ्यांत पाणी गेलं म्हणून रंकाळ्यावर लहानपणी आपण सगळेच ओरडलो. पण टॉवेलने डोळे पुसून घरी आलो. आल्मेन पुसता पुसता विचार करत राहिले, एवढाच फरक.

गोष्ट इथे संपत नाही. एमआरआयसाठी गॅडोलिनियम आलं. १९८८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. मूळ धातू विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून पाठवतात. बरीच वर्षं सगळं सुरळीत वाटलं. २००६ मध्ये कळलं, की मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रोग्यांत हा पाहुणा रेंगाळतो आणि कातडी दगडासारखी घट्ट होते. २०१४ साली जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की पुन्हा पुन्हा घेतलेल्यांच्या मेंदूतही त्याच्या खुणा राहतात. त्यानंतर ढिल्या पिंजऱ्यांची काही औषधं युरोपात बंद झाली. पाहुणा गेला खरा, पण उशीखाली कंगवा विसरला.

म्हणून आज सुई टोचण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, दमा विचारतात, मागच्या वेळी पुरळ आलं होतं का ते विचारतात. आपल्याला त्याचा कंटाळा येतो. पण आमच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे बावड्यातलं शेंबडं पोरही जाणतं आणि पावसाळ्यात दर तासाला विचारतं. त्याचा कधी कुणाला कंटाळा आलेला नाही. मूत्रपिंडाचं ते कागदावरचं आकडेवजा पोरगं म्हणजे शरीराच्या बंधाऱ्यावरची फूटपट्टीच. पाणी उतरायची वाट मोकळी आहे ना, एवढंच ती सांगते.

आमच्या भागातल्या गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागला की त्यात रानभेंडीच्या खोडांचा चिकट रस टाकतात. ती भेंडी रसातला सगळा मळ गोळा करून वर आणते. गुळव्या झाऱ्याने मळी काढतो आणि मळीबरोबर भेंडीही जाते. खाली उरतो तो पिवळाधमक गूळ. ढेप विकत घेताना गिऱ्हाईक रंग बघतं, खडा दाताखाली फोडून बघतं, भावावरून घासाघीस करतं. भेंडीचं नाव कुणी काढत नाही. काढावं लागत नाही, यातच भेंडीचं सगळं पुण्य आलं.